महाराजांची बाराखडी

पाथरवटाच्या बायकोला सगळा गाव फौजदार म्हणायचा. नाव नवऱ्यानंच ठेवलेलं, लग्नाला आठवडाही झाला नसेल तेव्हा. दारात पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर तिचे दहा प्रश्न यायचे. कुठून आलात, कशानं आलात, चप्पल एकाच बाजूला का झिजलीय. "अगं, माणूस आहे की आरोपी?" असं नवरा म्हणायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. चौथीपर्यंत शिकली आणि बापानं शाळेतून काढली. तेव्हापासून जे राहून गेलं ते ती माणसांना विचारून भरून काढत होती.

त्या उन्हाळ्यात मात्र एका साध्या प्रश्नाचं उत्तर तिला घरातच मिळत नव्हतं. नवरा सकाळी फावडं-घमेलं घेऊन जातो, तो कुठं?

खाणीचं काम तीन महिने बंद होतं. गावामागच्या टेकडीवर तिच्या आजेसासऱ्यांपासूनची दगडाची खाण होती आणि खाणीकडं जाणारी गाडीवाट एका बागेच्या कडेनं जायची. बाग मागच्या वर्षी विकली गेली. नव्या बागवाल्यानं वाटेच्या दोन्ही तोंडांना तारेचं कुंपण घातलं. वाट माझ्या हद्दीत आहे, म्हणाला. टेकडीच्या दुसऱ्या अंगानं माणूस चढून जाई, पण दगड काही माणसाच्या पाठीवरून उतरत नाही. त्याला गाडी लागते. पाथरवटानं अंगणात पडलेल्या दगडांच्या पायऱ्या घडवल्या, उंबरठे घडवले. दगड संपले. मग एके दिवशी तो फावडं घेऊन निघाला.

"कुठं?"

"मातीकाम मिळालंय."

"कुणाकडं?"

"आहे एकाकडं."

"त्या एकाला नाव-गाव?"

"काम आहे हे पुरे नाही का?" तो एवढंच म्हणाला आणि गेला. सोळा दिवस गेला. ज्या हातांनी त्यानं देवळांच्या चौकटी घडवल्या, त्या हातांवर फावड्याचे नवे फोड आले. जेवताना तो ताटाकडं बघून जेवायचा. सतराव्या दिवशी फावडं कोपऱ्यात टाकलं आणि अंगणात उरलेला एक वेडावाकडा धोंडा उगाच ठोकत बसला. कपच्या उडत होत्या. काही अंगणात पडल्या, काही रस्त्यावर.

त्याच दुपारी रस्त्यावरून कुणीतरी "अरे रे" म्हणालं. ओरडलं नाही, दूध उतू गेल्यावर म्हणावं तसं म्हणालं.

ती धावली. भगवी छाटी नेसलेला एक म्हातारा काठीवर भार देऊन एका पायावर उभा होता. दुसऱ्या पायातून रक्ताची धार लागली होती. अनवाणी होता. तळव्यात बोटभर लांब कपची घुसली होती.

ओसरीवरून सासूबाई कडाडल्या, "एवढा ढीग पडलाय, डोळे नाहीत का?"

"नाहीत," म्हातारा म्हणाला.

सासूबाईंनी जीभ चावली.

हे संन्यासी महाराज शहरातल्या एका पाठशाळेत शिकवायला निघाले होते. बसवाल्यानं दोन थांबे आधीच उतरवलं. गावातल्या डॉक्टरनं सात टाके घातले आणि पंधरा-वीस दिवस पाय जमिनीला लावायचा नाही असं बजावलं. पाथरवट दाराशी उभा राहून ऐकत होता. फुकट जेवणाऱ्या बुवा-बैराग्यांवर त्याचा भारी राग. पण कपची त्याची होती. छिन्नी त्याची होती. बोलणार काय? त्यानं आपली खाट छपरीत नेऊन टाकली आणि म्हणाला, "इथं बरं पडेल. वारा लागतो."

असे महाराज त्या घरात राहिले.

तिला तर घरबसल्या पर्वणीच. डोळे जन्मापासूनच नाहीत का? नाही, तिसऱ्या वर्षी देवी आल्या, त्यात गेले. काही आठवतं? पिवळं काहीतरी आठवतं. ऊन असेल, नाहीतर आईचं लुगडं. स्वप्नं पडतात का? पडतात. त्यात काय दिसतं? "दिसत नाही, बाई. ऐकू येतं. तुमचं आलं काल स्वप्न. तुम्ही प्रश्न विचारत होतात."

महाराजही काही कमी नव्हते. या घणाचा आवाज त्या घणापेक्षा जाड का? ओला दगड फोडायला सोपा की कोरडा? तुम्ही भांडी घासताना मध्येच थांबता, ते हात दुखतो म्हणून की विचार करता म्हणून? तिला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. "दोन्ही," ती म्हणाली आणि कितीतरी वेळ तेच भांडं घासत राहिली.

तिनं हळूहळू त्यांचं सगळं आयुष्यच काढून घेतलं. बाप एका पाठशाळेत आचारी होता. आंधळ्या पोराचं काय करायचं, म्हणून त्याला स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसवायचा; खडे बोटांना सापडतात, डोळे लागत नाहीत. भिंतीपलीकडं वर्ग चालायचा. खडे निवडता निवडता पोरगं ऐकायचं. एकदा वर्गात व्याकरणाचं एक सूत्र कुणालाच आठवेना. गुरुजी चिडले, शांतता पसरली आणि स्वयंपाकघरातून बारीक आवाजात ते सूत्र आलं. त्याच्या पुढचं आलं, त्याच्याही पुढचं. गुरुजी उठून आत आले तेव्हा पोरगं ताट उलटं टाकून बापाच्या मागं लपलं होतं.

"मारलं?"

"नाही. हात धरून बाहेर नेलं आणि पुढं बसवलं. बारा वर्षं तिथंच बसलो. इतर वाचायचे, मी ऐकायचो. दोनदा ऐकलं की राहायचं."

"आणि ही भगवी कधी?"

"सव्विसाव्या वर्षी."

"का?"

पाथरवट बाहेरून म्हणाला, "फौजदार, पुरे की आता!" पण त्याचाही हातोडा थांबला होता.

महाराजांनी तोंडावरून हात फिरवला. "लग्नाचं बघत होते. मुलीकडचे आले. मुलीला दारातून मी दाखवला. ती आत जाऊन रडली. त्यांना वाटलं, मला काही कळलं नाही. मला तर तिच्या आईनं तिचं तोंड दाबलेलंसुद्धा ऐकू आलं. महिन्याभरानं संन्यास घेतला."

"म्हणजे रागानं."

"आधी रागानं. वीसेक वर्षांनी मग खरा घेतला. कपडे तेच राहिले, म्हणून कुणाला कळलं नाही."

महाराज इथं अडकल्याचा निरोप पाठशाळेत गेला होता; चौथ्या दिवशी शहरातून एक मोटार आली. दोन प्राध्यापक उतरले. खुर्च्या नव्हत्या, तेव्हा घडवलेल्या पायऱ्यांवर बसले, पॅण्टला धूळ लागली तरी हलले नाहीत. जाड पुस्तकं उघडून अडलेलं विचारत होते आणि महाराज खाटेवर पाय लांब करून सांगत होते, कुठल्या ओळीत काय आहे, लिहिणाऱ्यानं कुठं चूक केली आहे. जाताना दोघे पाया पडले. छपरीचं दार ठेंगणं, उठताना एकाचं डोकं आपटलं. सासूबाईंना तेवढंच पटलं: एवढी मोठी माणसं डोकं आपटून घेतात म्हणजे म्हातारा साधा नाही.

संध्याकाळी चहा देताना सासूबाईंनीच विषय काढला. तळ्याच्या बांधावर एक उभा दगड होता, निम्मा मातीत गाडलेला, त्यावर जुनी अक्षरं. सासरे सांगत, खाणीची वाट आपली आहे असं त्यावर लिहिलंय. वाचणारा आजवर भेटला नव्हता. शाळेतले मास्तर म्हणाले होते, हे संस्कृत दिसतंय, आपलं काम नव्हे. पाथरवटानं कचेरीत अर्ज केला होता आणि अठरा दिवसांनी साहेब जागेवर बघायला येणार होते.

"बाबा, तेवढा वाचून द्या," सासूबाई म्हणाल्या. "बोटांनी कळेल की तुम्हाला. खोल कोरलंय."

महाराजांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला अक्षर येत नाही."

"म्हणजे?"

"क कसा असतो हे मला माहीत नाही."

पाथरवटाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो जो हसत सुटला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तीन महिन्यांत तो हसला नव्हता. "मोटारवाले पाया पडून गेले! आणि क येत नाही!" मग महाराजही हसायला लागले, खाट करकरेपर्यंत.

ती मात्र हसली नाही. "कधी शिकला का नाहीत?"

"गुरुजींनी लाकडी अक्षरं करून घेतली होती माझ्यासाठी. मी हात लावला नाही. म्हटलं, लिहून ठेवायचं ते विसरणाऱ्यांनी. फार माज होता." थोडं थांबून ते म्हणाले, "आता विसरायला लागलोय. परवा सकाळी एका श्लोकाचा शेवटचा चरण आला नाही. दुपारी आला. पण सकाळी नव्हता."

पाथरवट उठला. मऊ दगडाची एक लादी होती, ती पुढ्यात ओढली. "बोटं बघू," म्हणाला. त्यांचं बोट धरून जाडी बघितली, छिन्नी घेतली आणि कोरायला लागला.

त्याचीही एक गंमतच होती. लोकांच्या दारावरच्या पाट्या, पाणपोईवरची नावं त्यानं आयुष्यभर कोरली होती. मास्तर खडूनं काढून द्यायचे, हा कोरायचा. हाताला प्रत्येक अक्षर पाठ. कुठलं अक्षर कुठलं, ते माहीत नाही. इथं गोल, इथून उभं खाली, वर आडवी रेघ. कोरून झालं की ती नाव सांगायची.

"हा क."

महाराजांनी बोट फिरवलं. एकदा, दोनदा. पुन्हा पहिल्यापासून. "हा क?" त्यांचा आवाज बदलला. "मला वाटायचं टोकदार असेल. म्हणताना टोकदार लागतो ना? हा गोल आहे." आणि मग, "एवढासाच असतो?"

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात शाळा भरली. पाथरवट कोरायचा, ती शिकवायची, महाराज गिरवायचे. सडसष्ट वर्षांचा विद्यार्थी घ आणि ध मध्ये रोज चुकायचा.

"पुन्हा चुकलात. डोक्यावर गाठ आहे, तो ध."

"छडी नका मारू, मास्तरीणबाई."

"छडी नाही, उपाशी ठेवीन."

भ आणि म नं तसाच छळ मांडला. जोडाक्षरं आली तेव्हा तर महाराज लहान मुलासारखे रुसले, ज्ञ वर दिवसभर बोट ठेवून बसले आणि म्हणाले, "याला ना शेंडा ना बुडखा." पण हळूहळू बोट धावायला लागलं. आठव्या दिवशी तिनं गुपचूप लादीवर नवऱ्याकडून "चहा झाला" असं कोरून घेतलं आणि लादी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग आधी लादीवरून सगळा हात फिरवला, जसा वासराच्या पाठीवरून फिरवतात, आणि म्हणाले, "आणा."

टाके निघाले तसं तिघं तळ्यावर गेली. पाथरवटानं पहारीनं दगडाभोवतीची माती उकरली, तिनं शेवाळ घासून काढलं. कमरेएवढा दगड वर आला. सात ओळी निघाल्या. खालच्या दोन फुटलेल्या. अक्षरांची वळणं जुनी, कुठं शेपूट जास्त, कुठं कमी; काळवंडलेल्या दगडात डोळ्यांना पुसट दिसायची, बोटाला लागायची. महाराज मांडी घालून बसले. बोट ठेवायचे, अक्षर म्हणायचे. ती कोळशानं लादीवर लिहायची. अडलं की ती डोळ्यांनी बघायची आणि पाथरवट अंगठ्यानं चाचपून सांगायचा, इथं छिन्नी घसरलीय बघा, ही रेघ खरी नाही. दुपारी दगड तापायचा. त्यावर ओलं फडकं टाकून टाकून काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी महाराजांच्या बोटाची कातडी सोलवटली. सासूबाईंनी तेल लावलं, ते मधल्या बोटानं वाचायला लागले.

तिसऱ्या ओळीत ते म्हणाले, "मा."

पाथरवट उकिडवा बसला होता, तो उभाच राहिला. "मार्ग!"

"थांबा. पुढं... स. त्यावर मात्रा. मासे."

"मासे?" ती म्हणाली. "तळ्यातले?"

महाराज हसले. "मासे म्हणजे महिन्यात. अमुक महिन्यात, तमुक दिवशी."

पाथरवट पुन्हा बसला. उरलेल्या ओळी संध्याकाळपर्यंत झाल्या. महाराजांनी सगळं जोडून सांगितलं. एका विधवा बाईनं, वाटसरू आणि गुरं तहानेनं मरू नयेत म्हणून हा बांध घातला. बांध फोडील त्याला पाप लागेल. ज्यांनी डोक्यावरून माती वाहिली त्यांचं भलं होवो.

"आणि वाट?"

"वाटेचं नाही."

"त्या फुटलेल्या ओळींत असेल."

"फुटलेल्यात पाच अक्षरं उरलीत. त्यांत नाही."

तिघं अंधारात घरी आली. जेवणं झाल्यावर पाथरवट छपरीच्या दाराशी येऊन बसला. ती आत दिवा पुशीत होती.

"महाराज, एक विचारू? साहेबाला ते वाचता येत नाही. बागवाल्याला येत नाही. मास्तरला येत नाही. तुम्ही म्हणाल ते त्या दगडावर असणार."

"हो."

"मग म्हणा की. खाणीचा मार्ग पाथरवटांचा. तीन शब्द."

"मला नाही म्हणता येणार," महाराज म्हणाले.

"तीन शब्द फक्त. पंधरा दिवस या घराचं खाल्लंत."

"अहो!" ती म्हणाली.

"खाल्लं," महाराज म्हणाले. "ते फिटायचं नाही. पण मला लोक वाचून दाखवत आले, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवत आलो. एकानं जरी एक ओळ मनची घातली असती, तर मला आजपर्यंत कळलं नसतं. ते मीच कसं करू?"

"तुमचं बरंय. तुम्हाला ना बायको ना चूल." पाथरवट उठला, आणि जाता जाता भिंतीला टेकवलेल्या लादीला त्याचा पाय लागला की त्यानं लावला, कोण जाणे. लादीचा कोपरा उडाला.

सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा महाराज झोळी बांधून बसले होते. तिला वाटलं, निघाले. पण ते म्हणाले, "बाई, मला ती वाट दाखवाल? जिच्यासाठी एवढं चाललंय, तिच्यावरून मी एकदाही चाललो नाही."

बागेत अजून कुणी आलं नव्हतं. तिनं खालची तार काठीनं उचलून धरली, ते रांगत आत गेले. छाटी अडकली, तिनं सोडवली. वाटेवर सगळीकडं मऊ माती पसरलेली होती, वर गवताची पाती फुटायला लागली होती. ती पंचवीस वर्षं याच वाटेनं नवऱ्याचं जेवण घेऊन गेली होती. आता बघितलं तर शेताचाच तुकडा वाटत होता.

महाराज काठी आपटत चालले. मध्येच थांबले. डावीकडं आपटली, उजवीकडं आपटली. चार पावलं पुढं गेले, पुन्हा तसंच.

"बाई, खाली खडक आहे. वीतभर मातीखाली. पण इथं काठी खोल जाते. इथं. आणि तिकडं पलीकडं. मधे नाही." ते खाली बसले. "उकरून बघता?"

तिनं हातांनी माती बाजूला केली. खाली काळा खडक लागला आणि त्या खडकात एक चर. कोपरापासून मनगटापर्यंत हात मावेल एवढा खोल, आत गुळगुळीत, घासून तुळतुळीत झालेला. तसाच दुसरा पलीकडं, गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर सोडून. तिच्या रोजच्या पायाखालचे, पण साक्ष म्हणून तिनं ते कधी बघितले नव्हते. महाराजांनी आत हात घालून तळ चाचपला. "किती गाड्या गेल्या असतील?" ते कुजबुजले. "दगड भरलेल्या गाड्यांशिवाय खडक असा झिजायचा नाही. किती वर्षं? शंभर? दोनशे?"

तिचं लक्ष मातीकडं होतं. माती भुसभुशीत, तांबडी. तळ्याकाठची. कुणीतरी घमेल्यांनी आणून टाकलेली. तिला एकदम हातांवरचे फोड आठवले.

घरी आली तेव्हा नवरा अंगणात तोंड धूत होता. तिनं मातीनं भरलेले हात त्याच्यासमोर धरले. एरवी दहा प्रश्न विचारणारी बाई काही बोलली नाही.

त्यानं हातांकडं बघितलं. "मीच टाकली," म्हणाला. "दुसरं काम कुणी देईना. त्यानं बोलावलं. कुठं टाकायची ते तिथं गेल्यावर सांगितलं. परत यायचं होतं मला, पण..." त्यानं तांब्या खाली ठेवला. "स्वतः उभा राहायचा तो. इकडं टाक, अजून टाक, म्हणायचा. हसत नव्हता. हसला असता तर बरं झालं असतं."

सासूबाई ओसरीवर होत्या. त्यांनी ऐकलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

साहेब ठरल्या दिवशी आले, सोबत फीत आणि नकाशा घेऊन एक मोजणीवाला. बांधावर निम्मा गाव जमला. बागवाला स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात, हात मागं बांधून. साहेबांनी महाराजांना नमस्कार केला. "तुमचा शब्द मी लिहून घेतो. काय लिहिलंय?"

महाराजांनी दगडावर उरलं होतं तेवढं सगळं वाचलं. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला.

"वाटेचा उल्लेख?"

"नाही."

गर्दीतून एक सुस्कारा गेला. पाथरवट मान खाली घालून नखानं नखातली माती काढत होता. बागवाला म्हणाला, "ऐकलंत? त्यांनीच आणलेल्या माणसानं सांगितलं. आता उन्हात कशाला उभं राहायचं?"

तेव्हा ती पुढं झाली. पदर खोचला. "साहेब, दगडावर नाही. पण वाटेवर आहे. शंभर पावलं चालता?"

साहेब चालले. तिनं दाखवलं तिथं मोजणीवाल्यानं माती काढली. दोन्ही चर उघडे पडले. साहेबांनी बूट काढून पाय आत घालून बघितला. घोट्याच्या वर गेला. फीत लावली, लिहून घेतलं.

"असले चर पावसाच्या पाण्यानं पडतात," बागवाला म्हणाला. "आणि माती इथं पहिल्यापासून आहे. ही जमीन आहे, साहेब, वाट असती तर वर माती आली असती का?"

साहेबांनी गर्दीकडं बघितलं. कुणी काही बोलेना. बागवाल्याकडं निम्म्या गावाला काम होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. बघायचं नाही असं तिनं ठरवलंच होतं.

"माती मी टाकली."

पाथरवट बोलला तो इतक्या हळू की साहेबांनी पुन्हा विचारलं.

"माती मी टाकली, साहेब. सोळा दिवस. यांच्याकडं रोजानं होतो. माझ्या आज्याची वाट मी माझ्या हातानं बुजवली." त्यानं दोन्ही तळहात पुढं केले, फोड फुटून घट्टे झाले होते. "तळ्याकाठची माती आहे. खड्डा तिथं तसाच आहे, दाखवतो."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. पाथरवटाचे कान लाल झाले, पण हात त्यानं मागं घेतले नाहीत. साहेब त्याच्याबरोबर खड्ड्यापर्यंत गेले.

संध्याकाळी निकाल लिहून मिळाला. पुरती मोजणी होईपर्यंत वाट खुली, कुंपण आठ दिवसांत काढायचं. बागेला पाणी सोडतील त्या दिवशी गाडी न्यायची नाही. पुढं काय होईल ते पुढं. सासूबाई म्हणाल्या, "अर्धीच जिंकलो." पाथरवट म्हणाला, "आई, तीन महिने पाव पण नव्हती."

तो छपरीत गेला. महाराज उडालेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत होते.

"दुसरी कोरून देतो," पाथरवट म्हणाला.

"नको. ञ गेलाय फक्त. त्याचं फारसं काम पडत नाही."

पाथरवटाला आणखी काही म्हणायचं होतं. ते जमेना, तेव्हा त्यानं विचारलं, "तार निघाली की खाणीत येता?"

तार कापली त्या सकाळी गाडी जुन्या चरांतून धडधडत वर गेली. महाराज गाडीत, मांडीवर पाचरींची थैली. ती मागून चालत. दुपारी शहराची बस होती, झोळी गाडीतच घेतली होती. पाथरवटानं एक मोठा दगड निवडला, एका ओळीत भोकं पाडली, पाचरी बसवल्या. मग घण महाराजांच्या हातात दिला, मागून त्यांचे हात धरले. "मी सांगेन तेव्हा. जोर नको, वजन पडू द्या."

पहिला घाव. दुसरा. प्रत्येक घावाला आवाज चढत गेला. "ऐकताय?" पाथरवट म्हणाला. सातव्या घावाला आवाज एकदम बसला आणि दगडातून कापड फाटावं तसा बारीक चरचराट गेला. पहार घालून त्यानं दोन्ही भाग अलग केले.

महाराजांनी घण टाकला आणि पुढं होऊन आतल्या अंगावर दोन्ही हात ठेवले. बाहेर दगड उन्हानं तापलेला, आत थंडगार. जरा ओलसरसुद्धा. त्यांनी गाल लावला, वास घेतला. धूळ नाकात जाऊन सटासट दोन शिंका आल्या.

"हे आजवर कुणी पाहिलं नसेल," ते म्हणाले.

"कुणी नाही," पाथरवट म्हणाला. "मी पण नाही. तुमचा हात पहिला."

ती पण पुढं आली आणि हात लावला. खरंच ओल होती. "अहो, बंद दगडात ओल कुठून येते?" तिनं नवऱ्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं दगड फोडत होता, पण हे कधी मनातच आलं नव्हतं. दोघांनी महाराजांकडं बघितलं.

"मला काय माहीत?" महाराज म्हणाले. त्यांचे हात अजून दगडावरच होते, आणि चेहरा असा खुलला होता की तिला हसू आलं. "बस किती वाजता आहे?"

"दोनला."

"त्यानंतर?"

"संध्याकाळी एक आहे."

"मग आणखी एक फोडू," महाराज म्हणाले आणि घण कुठं पडलाय ते पायानं शोधू लागले.